अर्धी गोळी

भाजीवालीनं वरची मूठ पिशवीत टाकली, झालं एवढंच. फेलिसानं सवयीनं दोन्ही हात पुढे केले होते, ओंजळ करून. कोचाबाम्बाच्या त्या अवाढव्य बाजारात शेंगा-बटाट्याला ती कित्येक वर्षं या एकाच बाईकडे येत होती. वजन झालं की वरच्या मूठभर शेंगा बाईनं हिच्या ओंजळीत घालायच्या, हिनं म्हणायचं, "एवढ्याच?", बाईनं म्हणायचं, "उरलेल्या नवऱ्याला पिकवायला सांग," असा त्यांचा रिवाज होता. आज बाईचा हात मूठ भरून पुढे आला, हिच्या मनगटांपाशी थबकला, आणि शेंगा पिशवीत पडल्या. बाई काही वाईट नव्हती. तिनं लगेच विषय बदलला, यंदा बटाट्याला कीड फार म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. फेलिसानं खाली पाहिलं. मनगटांच्या आतल्या बाजूनं वर बाहीच्या कडेपर्यंत लालसर पुरळ उठलं होतं, बारीक आणि दाट. खाज सकाळपासूनच होती, पण तिनं ती स्वेटरच्या लोकरीवर ढकलली होती. आता स्वेटरला दोष देऊन भागण्यासारखं नव्हतं. तिनं बाह्या ओढल्या आणि शिवणाच्या कारखान्याकडे चालू लागली.

ऊन चढत होतं. उन्हात फार फिरू नकोस, असंही नर्स ग्लादिसबाईंनी सांगितलं होतंच. दवाखान्यात गोळ्या हातात ठेवताना त्यांनी एकेक गोष्ट बोटं दुमडत सांगितली होती, आणि शेवटी फेलिसाला ती उलट म्हणायला लावली होती, शाळेतल्यासारखी. दोन महिने. सकाळी आणि संध्याकाळी, पोटात अन्न गेल्यावरच. दारूचा थेंब नाही, आणि मक्याची आंबवलेली चिचा म्हणजेही दारूच, उगाच मका-मका करायचं नाही. गोळ्या चालू असताना दिवस जाता कामा नयेत. मध्ये रक्त तपासायला यायचं. ताप आला, घसा दुखला, तोंडात फोड आले, पायाला मुंग्या आल्या, अंगावर पुरळ उठलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, तडक यायचं. फेलिसानं सगळं बिनचूक म्हणून दाखवलं होतं. पण पाठ असणं वेगळं आणि पाय त्या दिशेला वळणं वेगळं. पाय कारखान्याकडेच चालले होते, कारण दवाखान्यात गेलं तर गोळ्या बंद करतील, ही एकच भीती त्यांच्यात भरली होती. आणि त्या भीतीच्या खाली आणखी एक होती, तिच्याकडे ती अजून बघत नव्हती.

दुसरं मूल हवं होतं. पहिल्या वेळी काही माहीतच नव्हतं. इल्यारी जन्मली, इस्पितळात तिच्या टाचेतून रक्त घेतलं, आणि पोरीच्या रक्तात तोच किडा निघाला जो फेलिसाच्या रक्तात लहानपणापासून सुखानं राहत होता. बाळाचं औषध बाळानं मुकाट घेतलं, ती बरीही झाली, आज तीन वर्षांची होऊन घरभर हुकूम सोडत असते. पण त्या महिन्यांत रोज गोळीची पूड दुधात कालवताना फेलिसाला वाटायचं की आपण आपलंच पाप तिच्याकडून गिळून घेतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, यात पाप कसलं. अंगावरचं दूध तुटलं की तू औषध घे, म्हणजे पुढच्या बाळाला हे जाण्याची शक्यता फार कमी होते. त्या एका वाक्यावर ती तीन वर्षं जगली होती. आणि आता हे पुरळ.

मिस्केकडच्या तिच्या माहेरच्या गावात मातीच्या भिंती होत्या आणि वर गवताचं छप्पर. दिवा मालवला की छपरातून काहीतरी टपकायचं, पावसाच्या थेंबाहून जड, आणि आजोबा अंधारातच म्हणायचे, आली विंचुका, पांघरूण डोक्यावर घ्या. पोरं खिदळत डोक्यावर घ्यायची. सकाळी भिंतीवर काळपट ओघळ दिसायचे, आणि कुणाचा तरी डोळा सुजलेला असायचा. रक्त पिणाऱ्या याच ढेकणामार्फत तो किडा रक्तात आणि पुढे काळजात शिरतो, हे फेलिसाला फार नंतर दवाखान्यात कळलं. विंचुका फार म्हणजे घरात बरकत, असंही एक आजी सांगायची. कशाला भ्यायचं हे माहीत नसल्यामुळे किती सुखाचं बालपण गेलं, असं फेलिसाला आता वाटे, आणि त्याचा राग येई. तिचे वडील पन्नाशीच्या आत शेताच्या बांधावर बसले ते बसलेच. काळीज मोठं झालं होतं त्यांचं, असं सगळे म्हणाले, जसं काही दिलदार माणसाचं कौतुक करावं.

कारखान्यात ती घेरदार पोलेरा स्कर्टांच्या चुण्यांना इस्त्री करायची. हे काम तिला आवडे, कारण हात आपले चालत राहतात आणि डोकं मोकळं राहतं. आज नेमकं तेच नको होतं. वाफ मनगटावर आली की पुरळ पेटून उठे. शेजारच्या मशिनीवरच्या बाईनं विचारलं, बाह्या का गं एवढ्या ओढल्यास, आणि फेलिसा म्हणाली, सर्दी झालीय. सर्दीला बाह्या! त्या बाईनं भुवया उंचावल्या, पण तिला स्वतःच्या नवऱ्याची गोष्ट पुरी करायची होती. फेलिसा चुणीवर चुणी बसवत गेली आणि मग तिनं त्या दुसऱ्या भीतीकडे बघितलंच. अंगावर पुरळ उठलंय ते आपल्या. मग सासूच्या अंगावर काय उठलं असेल?

इल्यारीच्या रक्तात किडा निघाल्यावर सासूची, म्हणजे दोन्या कासिमिराची, आणि तिची तपासणी एकाच दिवशी झाली होती. सासू सुनेला सोबत म्हणून आलेली, बाकावर बसलेली. नर्सबाई म्हणाल्या, तुम्हीही बोट पुढे करा, आजी. दोघींच्या रक्तात निघालं. मग म्हातारीच्या छातीला तारा लावल्या, यंत्राच्या पडद्यावर हृदय बघितलं, आणि डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत बसवून बराच वेळ समजावलं. बाहेर आल्यावर म्हातारी एवढंच म्हणाली की मला त्या गोळ्या नाहीत, माझं काळीज फार पुढे गेलंय, त्याला आता सांभाळायचंच. छातीच्या दुसऱ्या गोळ्या तिला दिल्या. वाटेत दोघींनी उसाचा रस घेतला आणि त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. लिंबेर्तनं, म्हणजे फेलिसाच्या नवऱ्यानं, रात्री आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, झालं ते झालं, ताट वाढ. लिंबेर्तच्या रक्तात काही नव्हतं. थोरला भाऊ आबेल फुटबॉल खेळता खेळता मैदानात पडून गेला होता, फेलिसा लग्न होऊन यायच्या आधीच. घामेजल्या अंगानं गार पाणी प्यायला म्हणून, असं घरात सांगत.

आणि मग जेवणाचं टेबल. गोळी जेवल्यावर घ्यायची, म्हणजे टेबलावरच, सगळ्यांसमोर. फेलिसाच्या उभ्या आयुष्यात तिनं कुणासमोर एकटीनं काही खाल्लं नव्हतं. घरात एक पाव असला तर मोडायचा, एक उकडलेला बटाटा असला तर मोडायचा, बसमध्ये शेजारी अनोळखी माणूस बसलं असलं तरी हातातलं संत्रं सोलून आधी त्याच्यापुढे धरायचं. जो समोरच्याला न देता खातो त्याच्याबद्दल गावात जे बोलतात ते चोराबद्दलही बोलत नाहीत. तिनं इल्यारीला बोलायला शिकवायच्या आधी मोडून द्यायला शिकवलं होतं. आणि आता रोज दोन वेळा, मक्याचं सूप संपलं की, ती डबी उघडायची, आणि समोर दोन्या कासिमिरा बसलेली असायची. तोच आजार, तीच गोळी, आणि एकीलाच. म्हातारी उठायची नाही. भांडी पडली असली तरी बसून राहायची आणि सुनेच्या हाताकडे बघायची, गोळी उचलल्यापासून पाणी पिऊन होईपर्यंत. फेलिसानं पाठ फिरवून बघितली, चुलीपाशी जाऊन घेऊन बघितली. म्हातारी खुर्ची सरकवून बसायची. ती नजर तिच्या घशात गोळीपेक्षा जास्त अडकायची.

मग एका संध्याकाळी म्हातारीनं विचारलं, "कडू असते का गं?" बस, एवढंच. पण फेलिसाला त्या प्रश्नात एवढी भूक ऐकू आली की तिला राहवलं नाही. गोळीवर मधोमध रेघ होतीच, जणू मोडण्यासाठीच दिलेली. तिनं संध्याकाळची गोळी कट्कन मोडली आणि अर्धी सासूपुढे सरकवली. म्हातारीनं तिच्याकडे बघितलं, मग अर्ध्या गोळीकडे. दोन्ही हात पुढे करून ती घेतली, जसं काहीही घेतात, "देव तुला भरून देवो" म्हणाली, मूठ तोंडाशी नेली आणि पाणी प्यायली. त्या रात्री फेलिसा कित्येक दिवसांनी गाढ झोपली. पुढे रोज संध्याकाळी तसंच. तिला हे चूक वाटतच नव्हतं असं नाही, पण रोज त्या टेबलावर निर्लज्ज होण्यापेक्षा चूक होणं सोपं होतं. चिचाचा मोह तिनं सहज टाळला होता. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी गल्लीत पूजेची धुनी पेटली, शेजारणींनी चिचाचा तुंबा पुढे केला, तेव्हा तिनं सगळाच्या सगळा धरतीमातेला ओतला आणि ओठही लावले नाहीत. शेजारीण म्हणाली, "अख्खा तिलाच? बघ हं, धरती झिंगेल आणि तू कोरडी राहशील. दिवस गेलेत वाटतं." सगळ्या हसल्या, तीही हसली. नियम मोडायचाच नाही अशी ती होती. फक्त हा एक नियम तिला नियम वाटला नव्हता. तो तिला हावरटपणा वाटला होता.

इस्त्री चुणीवर थोडी जास्त टेकली आणि जळका वास आला. मालकीण काही म्हणायच्या आत फेलिसानं इस्त्री उभी केली, घरी जायला हवं म्हणाली, आणि कारण न सांगता निघाली. वाटेत तिला म्हातारीचे हात आठवत होते, गेल्या काही दिवसांत कसे दिसले ते. दिसलेच नव्हते. म्हातारीच्या अंगात बारा महिने लांब बाह्यांचं स्वेटर. काल ती जिन्यात मध्येच थांबली होती, कठड्याला धरून. ती नेहमीच थांबते. की कालच थांबली? ते थकलेलं काळीज, आणि त्यावर आपण रोज प्रेमानं अर्धी गोळी. म्हातारीला काही झालं असतं तर सगळे म्हणाले असते, काळीज मोठं होतं बाईचं, आणि तिनं एकटीनं ते जन्मभर ऐकलं असतं.

दोन्या कासिमिरा अंगणात भिजवलेले बटाटे सोलत बसली होती. इल्यारी शेजारी सालांचं काहीतरी बांधत होती. सून भर दुपारी परत आलेली बघून म्हातारीनं सुरी खाली ठेवली.

"काय झालं?"

"आई, बाह्या वर करा."

"माझ्या?"

"करा म्हणते ना."

असं ती सासूशी कधी बोलली नव्हती. म्हातारीनं ओले हात स्कर्टला पुसले आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या. कातडी सुरकुतलेली, तपकिरी, ठिपका नाही. फेलिसानं तिचे हात उलटसुलट केले, मान बघितली, जीभ काढायला लावली. इल्यारीनंही जीभ काढली. मग फेलिसा तिथंच ओट्यावर बसली, स्वतःच्या बाह्या वर केल्या आणि रडू आवरेना तेव्हा आवरायचं सोडून दिलं. रडता रडताच तिनं सगळं सांगितलं, की गोळ्या मोडून तुम्हाला देत होते, तुमच्या काळजाला त्या नको होत्या, मला माहीत होतं, तरी दिल्या.

म्हातारीनं तिची मनगटं निरखली. मग ती उठली, कठड्याला धरत आत गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात रुमालाची एक गाठ होती. तिनं ती सुनेच्या मांडीवर सोडली. त्यात सगळ्या अर्ध्या गोळ्या होत्या, एकूण एक, काहींच्या कडा झिजून पीठ झालेलं.

"घेतल्याच नाहीत तुम्ही?"

"डॉक्टरीण नको म्हणाली होती ना मला. घेईन कशी?"

"मग मला परत का नाही दिल्या? नको का नाही म्हणालात?"

म्हातारी तिच्याकडे अशी बघू लागली की प्रश्नच कळला नसावा. "तू आपल्या तोंडातलं काढून माझ्यापुढे ठेवलंस," ती म्हणाली. "ते नको कसं म्हणू? मला वाटलं, डबी संपत आली की सांगीन. रोज वाटायचं, उद्या ही देणार नाही. रोज तू द्यायचीस."

फेलिसाला हसू आलं आणि ते तिला आवडलं नाही. एकीला एकटीनं खाता येईना, दुसरीला पुढे आलेलं परत करता येईना, आणि औषध रुमालात. चांगल्या वळणाच्या दोन बायकांनी मिळून जे केलं ते एखाद्या उडाणटप्पू बाईच्या हातून झालं नसतं. तिनं डोळे पुसले आणि जे इतके दिवस गिळलं होतं ते विचारून टाकलं. मग रोज समोर बसून बघत का होतात?

म्हातारीनं सुरी पुन्हा हातात घेतली, पण सोललं नाही. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"आबेल या घरात जन्मला. सिमेंटच्या. मातीच्या भिंतीला त्याची पाठ कधी लागली नाही. त्या दिवशी डॉक्टरीणबाईनं विचारलं, मुलं किती, गेलं कुणी का, कसं गेलं. मी सांगितलं, मैदानात पडला, गार पाणी प्यायला. तिनं कागद बाजूला ठेवला. मग म्हणाली, आजी, ते पोटातून गेलं असेल. तुमच्याकडून." तिनं सुरी बटाट्यावर टेकवली. "पाणी नव्हतं ते. मी होते. आता तू गोळी घेतेस, तर मला बघू तरी दे. गिळतेस की नाही, एवढंच बघते मी."

ती सगळी संध्याकाळची टेबलं फेलिसाच्या मनात मागे जाऊन पुन्हा मांडली गेली, तीच खुर्ची, तीच नजर, आणि तिच्यात भूक कुठंच नव्हती. आपण एका आईच्या पहाऱ्याला हाव समजलो, याची तिला लाज वाटली. आणि लाजेच्या जोडीनं एक विचित्र सुटकाही वाटली. तिनं म्हातारीचा ओला हात धरला. म्हातारीनं तो थोडा वेळ धरू दिला आणि मग म्हणाली, "चल, दवाखाना बंद होईल. ती गाठ घे बरोबर. लपवायचं नाही काही."

दवाखान्यात फेलिसानं गाठ टेबलावर सोडली तेव्हा नर्स ग्लादिसबाईंनी कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं वाटण्याइतकी त्यांनी शांतपणे चौकशी केली. ताप बघितला, घसा बघितला, तोंडात आणि डोळ्यांत फोड आहेत का बघितलं, तळपायांना सुईनं टोचून मुंग्या विचारल्या, रक्त घेतलं. मग म्हणाल्या, काही दिवस गोळ्या पूर्ण बंद. खाजेसाठी दुसरी गोळी, तीही लिहून दिली तशीच घ्यायची. पुरळ ओसरलं आणि रक्त ठीक आलं तर थोड्या मात्रेपासून पुन्हा सुरू करू आणि चढवत नेऊ. पुरळ पुष्कळांना येतं, वेळेवर आलं की बहुतेकांचा इलाज पुरा होतो. अंगावर काढलं की मात्र कायमचा बंद करावा लागतो, कधी त्याहून वाईट होतं. आणि अर्धं औषध हे औषध नव्हे. "किडा अर्ध्यानं मरत नाही," त्या म्हणाल्या, "आणि आजींनी ते घेतलं असतं तर त्यांना उपयोग शून्य, त्रास तेवढा झाला असता." म्हातारीनं मान डोलावली, जसं काही हे सगळं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं होतं. अर्ध्या गोळ्या नर्सबाईंनी ठेवून घेतल्या. परतताना कुणीच उसाचा रस मागितला नाही. सावलीसावलीनं त्या हळू चालत गेल्या, म्हातारी थांबली की फेलिसाही थांबे.

मधले दिवस सगळ्यांत वाईट गेले. पुरळ आधी पसरलं, मग फिकं पडलं, मग त्याची कातडी सुटली. ते दिवस जेवण झालं तरी टेबलावर काही उघडायचं नव्हतं, आणि तरी दोन्या कासिमिरा बसून राहायची, सवयीनं. लिंबेर्तला बायकोनं सगळं सांगितलं होतं, आबेलचंही, म्हातारीच्या परवानगीनं. तेव्हापासून आईच्या ताटात मांसाचा तुकडा तो आधी वाढू लागला. रक्त ठीक आलं. दवाखान्यातून गोळ्या पुन्हा मिळाल्या. पहिल्या काही दिवसांची मात्रा थोडी होती, नर्सबाईंनी मोजून वेगळ्या पुडीत बांधून दिलेली, आणि मोडायची भाषा करायची नाही, असं दम देऊन.

मग पूर्ण मात्रेची पहिली संध्याकाळ आली. मक्याचं सूप झालं, उकडलेले बटाटे झाले, लिंबेर्तनं ताटल्या एकावर एक ठेवल्या. फेलिसानं डबी उघडली आणि गोळी तळहातावर घेतली. इल्यारीनं आपल्या पावाचा तुकडा मोडून आजीपुढे ठेवला होता, आणि आता ती आईच्या हाताकडे आणि आजीच्या रिकाम्या हाताकडे आळीपाळीनं बघत होती. हे काय चाललंय ते तिला पटेना.

"आजीला दे की," ती म्हणाली. तिला जे शिकवलं होतं तेच ती म्हणत होती.

फेलिसाचा अंगठा आपोआप गोळीवरच्या रेघेवर गेला. इतकी जुनी सवय, ती काही दवाखान्यात काढून घेत नाहीत. तिनं वर बघितलं. दोन्या कासिमिरानं दोन्ही हात टेबलाखाली नेले होते, मांडीवर, घट्ट, आणि ती पुढे वाकून बघत होती.

"नको मला," म्हातारी नातीला म्हणाली. कुणी पुढे केलेल्याला तिनं जन्मात पहिल्यांदा नको म्हटलं असावं. मग सुनेला म्हणाली, "अख्खी गिळ, पोरी."

फेलिसानं अख्खी गोळी जिभेवर ठेवली. कडू होती. कुणालाही न देता, सगळ्यांच्या देखत, तिनं ती एकटीनं गिळली, वरून पाणी प्यायली आणि तोंड उघडून सासूला दाखवलं.